रुमालाखालची खोली

गेल्या महिन्यात दारावर आंबेवाला आला. छोटा टेम्पो, मागे पेट्यांची चळत, देवगडचाच माल म्हणून शपथा. पाच डझनाच्या पेटीचे साडेतीन हजार म्हणाला आणि मी फोन काढून देऊनही टाकले. ऑफिसची मीटिंग सुरू व्हायची होती, उन्हात उभं राहवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घासाघीस करायची हौस हल्ली उरलेली नाही. अण्णा व्हरांड्यातल्या खुर्चीवरून सगळं बघत होते. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे गेले, पण नजर अजून मार्केट यार्डातली. बोलले काहीच नाहीत. पेटी आत आणल्यावर त्यांनीच ती उघडली, पेंढा बाजूला सारला आणि एकेक आंबा देठाशी हुंगून वर्तमानपत्रावर मांडत बसले. मीटिंग संपवून मी बाहेर आले तेव्हाही मांडतच होते. मान वर न करता म्हणाले, “ती न्यूयॉर्कची खोली ऐंशीला मिळाली असती का गं?”

त्या खोलीला पंधरा वर्षं झाली.

तेव्हा आम्ही अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये, हार्टफर्डजवळ राहत होतो. विम्याच्या कंपन्यांचं गाव ते, आणि त्या कंपन्यांच्या कंप्युटरांपाठोपाठ आमच्यासारखी शे-दोनशे मराठी बिऱ्हाडं तिथे जाऊन पडलेली. आई-अण्णा २००९च्या दिवाळीआधी सहा महिन्यांसाठी आले होते. अण्णांनी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात चाळीस वर्षं दिवाणजी म्हणून शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहिल्या. निवृत्त झाले, तरी रोज सकाळी सांगलीला फोन करून हळदीचा भाव विचारल्याशिवाय त्यांचा चहा खाली उतरत नसे. त्या हिवाळ्यात हळद भडकली होती, त्यामुळे फोनही लांबायचे. बाहेर गुडघाभर बर्फ, आत राजापुरी हळदीचे सौदे. न्यूयॉर्क दाखवायचं तर होतं, पण उन्हाळ्यात मॅनहॅटनमधल्या हॉटेलांकडे बघायची आमची ऐपत नव्हती. नाताळ आणि नवं वर्ष उलटलं की मात्र तिथले दर एकदम खाली येतात. थंडीत कोण येतंय? त्यातून मंदीचं साल नुकतंच उलटलेलं. जानेवारीत सोमवारला जोडून सुट्टी होती, संक्रांत झाल्यावर लगेच. नवऱ्याला ऑफिसचं काम निघालं. मग ठरलं, आम्ही तिघंच जाऊ, दोन रात्री राहू.

खोली घ्यायची ती बोली लावून. प्राइसलाइन या वेबसाइटचा तो प्रकार तेव्हा जोरात होता. कंपनी आमच्याच राज्यातली, नॉरवॉकची. जे वॉकर नावाच्या माणसाने १९९८ साली विमानाच्या तिकिटांपासून सुरुवात केली: किंमत दुकानदाराने नाही, गिऱ्हाइकाने सांगायची. या कल्पनेचं त्याने चक्क पेटंट घेतलं. विल्यम शॅटनर नावाचा नट टीव्हीवर त्यांच्या जाहिराती करायचा, घासाघीस करणारा जणू कोणी गुप्तहेर असल्यासारखा. मधल्या काळात वॉकरने हीच युक्ती किराणा मालावर आणि पेट्रोलवरही करून पाहिली होती, ती वर्षभरात, २००० साली गुंडाळावी लागली. हे अण्णांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “भाजीवर बोली लावायला आमच्याकडं कंप्युटर लागला नसता.”

हॉटेलांची रीत अशी होती. मॅनहॅटनच्या नकाशावर रेघा मारून भाग पाडलेले असत: मिडटाऊन ईस्ट, मिडटाऊन वेस्ट, टाइम्स स्क्वेअर, खालचा फायनान्शियल डिस्ट्रिक्ट वगैरे. तुम्ही भाग निवडायचा, किती तारे हवेत ते निवडायचं, एका रात्रीचे किती द्याल ते सांगायचं. हॉटेल कुठलं ते सांगणार नाहीत. कार्डाचा नंबर आधी द्यायचा. हॉटेलवाल्याला तुमचा आकडा परवडला की पैसे कापलेच. रद्द नाही, बदल नाही, मग आजारी पडा नाहीतर विमान चुको. नाही परवडला तर तीच बोली पुन्हा लावायला चोवीस तास थांबा. पण त्यात एक पळवाट होती आणि ऑफिसातल्या सगळ्या देशी लोकांना ती पाठ होती. बोलीत काहीतरी बदल केला तर लगेच परत लावता येत असे. म्हणून मग असा भाग शोधायचा जिथे तितक्या ताऱ्यांचं हॉटेलच नाही, आणि तो आपल्या यादीत घालायचा. कागदावर बोली नवी, प्रत्यक्षात तीच. अण्णांना हे फार आवडलं. “म्हणजे टोपी बदलून त्याच दुकानात जायचं,” म्हणाले.

पहिल्या रात्री आम्ही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसलो. आई ओट्याशी तीळ भाजत होती आणि घरभर तो खरपूस वास भरला होता. अण्णा कानटोपी घालून माझ्या शेजारी. मिडटाऊन ईस्ट, साडेतीन तारे, ६० डॉलर. पडद्यावर काहीतरी फिरत राहिलं आणि नकार आला. टोपी बदलली, ६५. नकार. पुन्हा बदलली, ७०. नकार. आता टोप्या संपल्या. अण्णा प्रत्येक नकाराला मान डोलवत होते. कोणी आपलं म्हणणं नाकारलं याचं त्यांना वाईट वगैरे काही वाटत नव्हतं. नकार म्हणजे माहिती, आणि तीही फुकटची. “उद्या पंचाहत्तर,” म्हणाले, “मग ऐंशी. पाचाच्या वर एका वेळी चढायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून मी वैतागून आले होते. कशावरून ते आता आठवतही नाही. जेवणं झाल्यावर लॅपटॉप उघडला, अण्णा शेजारी येऊन बसायच्या आत भाग आणि तारे टिचकले आणि आकड्याच्या चौकटीत ९५ लिहिलं. एकदम पंचवीसची उडी. त्यांनी पाहिलं तोवर बटण दाबून झालं होतं. पडद्यावर ते चक्र फिरलं, आणि मिनिटभरात अभिनंदन आलं. लेक्झिंग्टन अॅव्हेन्यूवरचं हॉटेल, नाव ऐकलेलं, दर एरवी दोनशेच्या पुढे. मी टाळी वाजवली. आईने तिथूनच “देव पावला” म्हटलं. अण्णा मात्र पडद्याकडे बघत राहिले, एखाद्या पोत्यात हात घालून माल चाचपावा तसे.

“लगेच हो म्हणाला की,” ते म्हणाले. “ऐंशी म्हणायचं होतं.”

आणि झालं. माझ्या आनंदात मिठाचा खडा पडला तो पडलाच. दोनशेची वस्तू पंचाण्णवला मिळाली हा आनंद एका मिनिटात पंधरा डॉलर वाया गेले या दुःखात बदलला. नकार येत होते तेव्हा मी शांत झोपले होते. होकार आला त्या रात्री झोप लागेना. ७० आणि ९५च्या मध्ये कुठेतरी खरा भाव होता. ७२? ७९? ९४? तो कळायची कुठलीच सोय नव्हती, आणि आता कधीच कळणार नव्हता. त्यात एकूण रक्कम पाहिली तर दोन रात्रींचे दोनशे तीसच्या पुढे गेलेले. मॅनहॅटनमधला हॉटेलांवरचा कर पंधरा टक्क्यांच्या घरात जातो हे मला माहीत होतं, पण पावतीवर ‘कर आणि सेवा शुल्क’ अशी एकच ओळ होती. फोड नाही. हे पाहून अण्णांचा दिवाणजी जागा झाला. शेतकऱ्याच्या पट्टीवर हमाली वेगळी, तोलाई वेगळी, वाराई वेगळी. चार आण्यांचाही हिशेब स्वतंत्र ओळीत. एका ओळीत दोन कपाती लिहिल्या असत्या तर मालकाने पट्टी तोंडावर फेकली असती, म्हणाले. मग डॉलरला शेहेचाळीस रुपये धरून त्यांनी मनातल्या मनात गुणाकार केला. एका रात्रीचे जवळजवळ चव्वेचाळीसशे, कर सोडून. तेवढं बोलून ते झोपायला गेले.

झोपायला जाताना जिन्यावर थांबून मात्र त्यांनी खरसुंडीची गोष्ट काढली.

खरसुंडी आमच्याच जिल्ह्यात, आटपाडी तालुक्यात. सिद्धनाथाची यात्रा आणि खिलार बैलांचा बाजार. अण्णा दहा-अकरा वर्षांचे असताना त्यांच्या आजोबांबरोबर तिथे बैलजोडी घ्यायला गेले होते. बैल दिवसाउजेडी उभा, पांढरा, शिंगांना हिंगूळ लावलेला. कोणीही यावं, दात बघावेत, दोन दाती की चार दाती की जुळलेला ते ठरवावं, चालवून बघावा, पाठीवरून हात फिरवून तो शहारतो का ते बघावं. लपवाछपवी नाही. लपलेला असायचा तो भाव. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहायचे, खांद्यावरचा टॉवेल हातांवर टाकायचे आणि टॉवेलाखाली बोटं धरून बोलायचे. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच. ते शेकडे की हजार हे दोघांना माहीतच असायचं. याला हत्ता म्हणतात. अण्णांच्या डोक्यात राहिली होती ती तोंडं. टॉवेलाखाली जिवाच्या आकांताने झटापट चाललेली आणि वर दोघं पावसाचं बोलतायत, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं ते बोलतायत. चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. आजोबांच्या कपाळावर मात्र घाम आला होता, म्हणून त्यांना कळलं की सौदा अडलाय.

“आमच्याकडं भाव रुमालाखाली असायचा, बैल उघड्यावर,” अण्णा म्हणाले. “तुमच्याकडं भाव उघड्यावर आणि बैलच रुमालाखाली. दात तरी कसे बघायचे?”

मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला की हॉटेलवाल्याला नाव झाकायचंच असतं. उद्या त्याने दारावर ९५ची पाटी लावली तर दोनशे देणारा कशाला देईल? आणि रिकामी खोली काही उद्यावर ठेवता येत नाही. आजची रात्र गेली की गेली. हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं. संध्याकाळी सातला मेथीची जुडी कुठल्या भावाने जाते ते त्यांनी जन्मभर पाहिलेलं, आणि खोली तर मेथीहून नाशवंत. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. मधे हेडी कोण? बैलबाजारात घेणारा-देणारा थेट बोटं धरतीलच असं नसे. मधला हेडी एकाशी एक आकडा धरायचा, दुसऱ्याशी दुसरा, आणि टॉवेलाखालचा फरक त्याच्या कनवटीला. म्हणून तर बाजार समित्या आल्यावर आवारात उघड लिलाव पाहिजेच असा नियम झाला. मी सांगितलं की इथेही तसंच आहे. हॉटेलने कंपनीला ८० सांगितले असतील आणि मी ९५ बोलले असेन, तर मधले पंधरा कंपनीचे. यात लबाडी काही नव्हती, धंद्याची रीतच ती होती आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. अण्णांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. रीत ओळखीची निघाली होती.

शनिवारी सकाळी न्यू हेवनपर्यंत गाडीने आणि तिथून ट्रेनने निघालो. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिळाच्या वड्या असं सगळं बांधून घेतलेलं. डब्यात हीटर एवढा तापलेला की चटणीतल्या लसणाने सगळ्यांना आमची ओळख करून दिली. साउथ नॉरवॉक स्टेशन आलं तेव्हा मी म्हटलं, “अण्णा, तुमचा हेडी इथं राहतो.” त्यांनी खिडकीशी वाकून पाहिलं. गोठलेली नदी, विटांच्या इमारती. ग्रँड सेंट्रलला उतरल्यावर त्या मोठ्या हॉलमध्ये आई छताकडे बघत उभी राहिली. वर हिरव्यानिळ्या आभाळात सोनेरी नक्षत्रं काढलेली आहेत आणि त्यांतली बरीच उलटी आहेत, आरशात बघावीत तशी. आईला आकाशातलं बऱ्यापैकी कळतं. तिने मी सांगायच्या आधीच वृषभाकडे बोट दाखवून काहीतरी चुकलंय म्हटलं. अण्णा माणसं बघत होते. एवढ्या गर्दीत कोणी ओरडत नाही याचं त्यांना नवल वाटलं.

हॉटेल तिथून चालत दहा मिनिटांवर. दारात पितळेचे चकचकीत दांडे, आत गालिचा, लिलीची फुलं आणि कुठलासा महागडा वास. अण्णांनी बूट पायपुसण्यावर दोनदा घासले. काउंटरवरची मुलगी हसतमुख होती. माझं नाव टाइप केलं, पडद्यावर काहीतरी वाचलं, आणि तिच्या हसण्यात नाही पण बोटांत अर्धा क्षण खंड पडला. मी आधीच ओशाळलेली असल्यामुळे मला तसं वाटलं असेल. म्हणाली, या बुकिंगमध्ये दोन माणसांची सोय धरलेली असते. एकच पलंग आहे. दोन पलंगांची खोली आज शिल्लक नाही. हवी तर घडीची खाट देता येईल, रात्रीचे २५ डॉलर. दोन माणसांचं मी वाचलेलं होतं. काहीतरी जमवून देतील असं गृहीत धरलं होतं.

मी लगेच हो म्हणायला हवं होतं.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. डोक्यात बेरीज सुरू झाली: ९५ अधिक २५ म्हणजे १२०. एकशे वीसला मिळाली असं ऑफिसात कसं सांगणार? त्या बेरजेला किती वेळ लागतो, एक श्वास. तेवढ्यात अण्णांना ‘ट्वेंटी फाइव्ह’ कळलं होतं. त्यांनी माझी बाही ओढली. “मला गादीवर कुठं झोप येते?” असं मराठीत म्हणाले आणि त्या मुलीकडे बघून इंग्रजीत, “नो, थँक यू.” दिवाणजीचं इंग्रजी, एकेक अक्षर नीट लिहिल्यासारखं.

खोली लहान होती. दार उघडलं की पलंग, पलंगाला वळसा घातला की खिडकी, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर विटांची भिंत. भिंतीतल्या एका खोबणीत तीन कबुतरं अंग फुगवून बसलेली. आवाज मात्र सगळ्या शहराचे येत होते. खिडकीखाली वाफेचा जुना हीटर होता, तो मधूनच फुस्स करायचा आणि मग आत कोणी हातोडा मारत असल्यासारखा ठोकायचा. चादरी फार सुरेख होत्या. इतक्या पांढऱ्या आणि कडक की आईने त्यावर बसायच्या आधी हात पुसले. दिवसभर थंडीत हिंडून आलो, एम्पायर स्टेटवरून दिवे पाहिले, डोळ्यांतून वाऱ्याने पाणी, आणि रात्री मी नि आई त्या पलंगावर. अण्णांनी पलंग आणि हीटर यांच्या मधल्या पट्टीत जास्तीचं ब्लँकेट अंथरलं, ओव्हरकोटाची घडी करून उशाशी घेतली, शाल पांघरली. मी खाली झोपते म्हटलं तर रागावले. मग मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दर वेळी हीटर ठोकला की ते कूस बदलत आणि शाल सळसळे. हे मी किती वेळ ऐकलं माहीत नाही. एकदा ते अंधारातच बोलले, “जागी आहेस?” मी बोलले नाही.

सकाळी ते ताजेतवाने. निदान तसं दाखवत होते.

आईला या सगळ्या भावाबिवात रस नव्हता. तिने कॉफीच्या मशिनमध्ये नुसतं पाणी उकळून, चहाच्या पुरचुंड्या फोडून, कागदी पेल्यांत बऱ्यापैकी चहा केला. आलं घरून आणलेलं, ते पेनाच्या टोपणाने ठेचलं. साफसफाईवाली यायच्या आत पलंग स्वतः आवरला, टॉवेल घड्या करून ठेवले, केर उचलला. “ती येऊन बघेल तर काय म्हणेल?” मी म्हटलं, आई, तिचं कामच आहे ते. आईने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. ती बाई आली, चाळिशीची असेल, स्पॅनिश बोलणारी. आवरलेली खोली बघून तीच गोंधळली. आईने तिच्या हातावर तिळाची वडी ठेवली आणि मराठीत तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणाली. बाईने वडी हुंगली, जिभेवर ठेवली, छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाली आणि जाताना आम्हाला सहा साबण देऊन गेली. अण्णांनी इथे टिप ठेवायची रीत असते का, किती, असं मला विचारून घेतलं आणि दोन्ही दिवस उशीखाली पाच-पाच डॉलर ठेवले. खाट नको म्हणणारा माणूस. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या संध्याकाळी लिफ्टमध्ये एक वयस्क जोडपं भेटलं. लग्नाचा वाढदिवस होता त्यांचा, दरवर्षी इथेच येतो म्हणाले. नवऱ्याने स्वतःहूनच सांगितलं की या वर्षी स्वस्त मिळालं, दोनशे एकोणीस. बायको त्याच्या बाहीवरचा बर्फ झटकत होती. माझ्या ओठांवर ९५ आला होता. एवढ्यासाठीच तर केलं होतं सगळं. कोणाला तरी हे सांगायचं आणि त्याचा चेहरा बघायचा. अण्णा मजल्यांचे आकडे बघत उभे होते. मी अभिनंदन म्हटलं. ते सातव्या मजल्यावर उतरले, छान हात हलवून. दार बंद झाल्यावर अण्णा म्हणाले, “सौदा झाल्यावर शेजारच्याचा भाव विचारू नये. त्याला आपला सांगूही नये.” थोड्या वेळाने, आमचा मजला आल्यावर, “एकशे चोवीस जास्त दिले त्यांनी,” म्हणून हसले.

परतीच्या ट्रेनमध्ये आई झोपली आणि अण्णांनी मला हत्ता शिकवला. मांडीवर मफलर टाकला, माझा उजवा हात खाली घेतला. त्यांचा हात खरबरीत, अंगठ्याजवळ दौतीच्या टाकाचा जुना घट्टा, आणि थंड. “हे किती?” दोन. “हे?” पंजा, म्हणजे पाच. “आता पंजा आणि वर एक.” सहा. “बघू नकोस हाताकडं. खिडकीबाहेर बघ. बोल काहीतरी.” मी बर्फाचं काहीतरी बोलले. समोरची बाई पुस्तकाआडून आमच्याकडे बघत होती. साठीतला माणूस आणि तिशीतली मुलगी मफलरखाली हात धरून खिडकीबाहेर बघत हवामानावर बोलतायत. साउथ नॉरवॉक कधी गेलं कळलं नाही. मी त्यांना एकदाही फसवू शकले नाही. माझ्या तोंडावर दिसतं, म्हणाले.

पुढे आम्ही पुण्याला परत आलो. त्या बोलीच्या खेळाचंही पुढे आटोपलं. विमानांसाठी तो २०१६ साली बंद झाला, नंतर हॉटेलांसाठीही. लोकांना एवढी खटपट नको होती. नाव झाकलेली पण भाव दाखवलेली खोली एका टिचकीत मिळते, मग टोप्या कोण बदलत बसणार? आता हॉटेल शोधताना मी काहीच बोलत नाही, फोनच बोलत असतो. एकच खोली शिल्लक, नऊ जण बघतायत, दहा मिनिटांपूर्वी कोणीतरी घेतली. परवा गणपतीपुळ्यासाठी मी आणि नवरा सोफ्यावर शेजारी बसून एकच हॉटेल बघत होतो, तर त्याच्या फोनवर पाचशे रुपये कमी. का, ते कळायला मार्ग नाही. टॉवेलाखाली आता आपला हातही नसतो. निदान तेव्हा मी ९५ म्हटलं होतं. माझ्या तोंडून गेला होता आकडा.

तर आंबे. वर्तमानपत्रावर साठातले सत्तावन्न मांडून झाले होते, तीन डागी निघाले ते वेगळे. खोलीभर पेंढ्याचा आणि पिकायला लागलेल्या देठांचा वास. अण्णा उत्तराची वाट बघत होते. मला कळेना काय सांगावं. गेली पंधरा वर्षं ते ८०चा हिशेब घेऊन बसले आहेत आणि मी २५चा, आणि माझ्या हिशेबाबद्दल मी त्यांना कधीच काही विचारलेलं नाही. आजही विचारलं नाही. “नसती दिली ऐंशीला,” मी म्हटलं. “नव्वदच्या खाली आलाच नसता तो.”

“तुला काय ठाऊक?”

त्यांनी आंबे पुसायचा पंचा उचलला, झटकला आणि माझ्या हातावर टाकला. पंचाखाली त्यांचा हात आला. आता तो हलका झालाय, कातडी सैल झालीय, पण घट्टा अजून जिथल्या तिथे. पंजा धरला. मग सोडला आणि तीन बोटं. आठ, म्हणजे ऐंशी. मी त्यांचा पंजा धरला, आणि चार बोटं. ते थांबले. पुन्हा पंजा, तीन बोटं, आणि चौथ्याच्या नुसत्या पेराला स्पर्श. मी तसाच धरून ठेवला.

“यंदा वळीव लवकर आला, नाही?” खिडकीबाहेर बघत अण्णा म्हणाले.